अर्ध्या डोंगरापुढे अनवाणी

तीन वर्षं मी देवापुढे बसले नव्हते. सिंगापूरला हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये देव्हारा होता, मुलगा मंदार ऑफिसला निघताना घाईघाईत उदबत्ती लावून जायचा. मी मात्र त्या कोपऱ्याकडे पाठ करून भाजी निवडत बसायची. लोकांना वाटायचं, नवरा गेला म्हणून बाई देवावर रुसली. रुसवा नव्हता हो. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

झालं होतं असं. गुरूंच्या पोथीचं सात दिवसांचं पारायण धरलं होतं. माझ्या आईची शिस्त अशी, की अध्याय सुरू झाला की मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. चौथ्या दिवशी आतल्या खोलीतून ह्यांनी हाक मारली. मी बसल्या जागेवरून नुसतं ‘ऊं’ केलं, म्हणजे थांबा जरा. पंधरा-वीस ओव्या राहिल्या होत्या. त्या वाचून आत गेले, तर हे पलंगाशेजारी पडलेले. डॉक्टर म्हणाले, त्या दोन-चार मिनिटांनी काही फरक पडला नसता. पण मनाला कोण समजावणार? हाकेला धावले नाही, आणि पारायणही मोडलं. ते ‘ऊं’ मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मंदारलासुद्धा नाही.

अशात मंदारला ऑफिसच्या कामाला अमेरिकेला जायचं होतं. आईला एकटं कुठे ठेवू म्हणून त्याने मलाही बरोबर नेलं. काम संपल्यावर गाडी डोंगरांकडे वळवली. म्हणाला, “आई, लाकोटा म्हणून इथले मूळचे लोक. त्यांच्या एका लढवय्या नेत्याचं स्मारक आहे. अख्खा डोंगर कोरताहेत.”

“कोरताहेत? म्हणजे झालं नाही अजून?”

“साठाच्या वर वर्षं झाली, चालूच आहे.”

“मग पुरं झाल्यावर आणायचंस की!”

“तोवर तू नसशील, आणि मीही नसेन,” म्हणून हसला.

पोचलो तर समोर नुसता ढग. डोंगर बघायला बांधलेल्या सज्ज्यावर उभं राहिलं की पुढ्यात एक पांढरा पुतळा दिसायचा. पूर्ण झाल्यावर डोंगर असा दिसेल, ते सांगणारा. घोड्यावर बसलेला वीर, हात लांब केलेला. आणि त्यामागे, जिथे डोंगर असायला हवा, तिथे काहीच नाही. तासभर थांबलो. मंदार म्हणाला, “चल आई, नशीब नाही आपलं.” मीही वळले. तेवढ्यात लोकांचा आवाज एकदम बंद झाला, म्हणून मागे पाहिलं.

ढग बाजूला सरला होता आणि आभाळात एक चेहरा होता. किती मोठा सांगू? आमच्या ब्लॉकचे नऊ मजले एकावर एक धरा, तेवढं नुसतं तोंड. कपाळ, नाक, मिटलेले ओठ. मानेखाली मात्र कच्चा दगड. हात अजून दगडातच, घोडाही दगडातच. अपुऱ्या मूर्तीला हात जोडू नयेत, असंच मी लहानपणापासून ऐकत आलेले. पण त्या चेहऱ्यात काही कमी आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. अंगावर काटा आला. कधी बूट काढले कळलंच नाही, गारठलेल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले.

“आई, काय करतेयस! बूट घाल, आजारी पडशील!”

शेजारच्या बाकावर माझ्याच वयाच्या एक बाई मणी ओवत बसल्या होत्या. लाकोटाच, मागाहून कळलं. त्यांनी विचारलं, ही बूट का काढते? मंदारने सांगितलं, आमच्यात देवापुढे काढतात. त्या म्हणाल्या, “आमच्यातल्या सगळ्यांनाच हा पवित्र डोंगर कोरणं पटतं असं नाही. माझा भाऊ इथे पाऊल टाकत नाही. पण बसा, पाय गार पडतील,” आणि स्वतःची शाल माझ्या पायांवर टाकली.

मी त्यांच्या हातातल्या मण्यांच्या पट्टीकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, ही धाकट्या बहिणीने ओवायला धरलेली. ती गेली तेव्हा सुई त्यातच होती. “जिथे सुई होती तिथून पुढे घेतलं. तिचे टाके सैल असायचे, तेही तसेच ठेवलेत. रागावेल नाहीतर!” आणि खळखळून हसल्या. मंदार मराठीत सांगत होता आणि मला रडू आवरेना.

तिथेच, त्या परक्या बाईच्या शालीत पाय घालून, मी मंदारला ते ‘ऊं’ सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, “आई, तुला हाक मारायच्या आधी बाबांनी मला फोन केला होता. मी मीटिंगमध्ये होतो. कट केला.”

तीन वर्षं एका घरात राहून हे आम्हाला एकमेकांना सांगता आलं नव्हतं. मी त्याचं डोकं कुशीत घेतलं. त्या बाईंनी आमच्याकडे पाहिलं नाही, मणी ओवत राहिल्या. वर पाहिलं तर ढग पुन्हा खाली आला होता. आधी तो बाजूला कुणी सरकवला, हे मी विचारत बसत नाही. त्या बाईंचं नावही विचारायचं राहिलं. रोज मनात त्यांना नमस्कार करते.

घरी परतल्यावर दुसऱ्याच सकाळी पोथी उघडली. मोडलं तर पहिल्यापासून धरावं, असं आई सांगायची. मी चौथ्या दिवसापासून धरलं. मंदार ऑफिसला उशीर करून शेजारी बसला. किती दिवसांत पुरं करीन, ते बोलले नाही. वाचायच्या आधी गुरूंना एवढंच म्हटलं, “आम्हा दोघांचं राहून गेलेलं तुमच्या पायांशी ठेवते. पुढचं तुम्ही बघा.”