मोफत म्हैस, हमी नाही

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम मी घोडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर बसून करतो. नेटवर्क गोठ्याच्या अंगाला चांगलं मिळतं, म्हणून टेबल पडवीत आणि टेबलासमोर आईची म्हैस. मीटिंग चालू असताना ती ओरडली की पुण्याची मंडळी फिदीफिदी हसतात. त्यांना दूध पिशवीत उगवतं असं वाटतं, त्याला मी काय करू?

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक भांडण कायमचं आहे. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा आणि बहुधा फुकट, ते चांगलं, की कंपनीचं विकतचं? बांधावरून भाऊबंदही इतके पेटत नाहीत. मी मुळात खवचट. एके दिवशी वैतागून दोन जाहिराती लिहून टाकल्या.

पहिली अशी: ‘म्हैस मोफत. कुणीही न्यावी, वापरावी, हवी तशी बदलून पुढे द्यावी. कसलीही हमी नाही. लाथ बसल्यास बनवणारे जबाबदार नाहीत. शिंगं आवडली नाहीत तर स्वतः सुधारून घ्यावीत.’

दुसरी: ‘म्हैस भाड्याने. कासेला कुलूप, चावी कंपनीकडे. भाडं थकलं की दूध आपोआप बंद. शेण काढायचं असल्यास महागडी आवृत्ती घ्यावी. वैरण फक्त आमचीच चालेल.’

सोबत आमच्या म्हशीचा फोटो टाकला. फोटोत शेजारी फेटा बांधलेले आमचे अण्णा, म्हणजे वडील. ग्रुपवर हशा पिकला. मी खूश! पण कुणीतरी पहिली जाहिरात तेवढी फोटोसकट पुढे ढकलली आणि ती फिरत फिरत जनावरांच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर जाऊन पडली. तिथे विनोद कुणी वाचत नाही, कास बघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पिकअप उभी. कोपरगावकडचे दोघे उतरले, हातात नवं दावं आणि नारळ.

“अण्णा हायेत का? म्हैस न्यायला आलोय.”

मी समजावू लागलो, “अहो, ती गंमत होती. सॉफ्टवेअरवरची.”

“आसंल. पन अण्णांचा फोटो हुता ना?” त्यातला थोरला म्हणाला. “घोडेगावच्या बाजारात अण्णांना कोन वळखत न्हाई?”

तिथेच मी गार पडलो. अण्णा तिथल्या जनावरांच्या बाजारात मध्यस्थी करतात. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तोंडाने एक अक्षर नाही, कागद नाही. अण्णांनी मान हलवली की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी त्यात बदल नाही.

अण्णा बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

“तू लिवलं?”

“हो, पण अण्णा...”

“माजा फोटू लावला?”

“हो.”

“मंग संपलं. सोड म्हैस.”

ही म्हैस आईने पारडी असल्यापासून वाढवलेली. आई चौकटीत उभी होती. हात कमरेवर, आणि आमची आई हात कमरेवर ठेवते तेव्हा घाबरायचं असतं.

फुकटची असली तरी म्हैस धार काढून बघितल्याशिवाय नेत नाहीत. थोरला पाहुणा बादली घेऊन खाली बसला. म्हशीने पान्हा चोरला. धाकट्याने गोंजारून पाहिलं. थेंब नाही. “सरका,” म्हणत अण्णा बसले. म्हशीने अशी लाथ झाडली की बादली एकीकडे आणि अण्णांचा फेटा शेणात.

आमची म्हैस एकहाती आहे. आईशिवाय कुणाच्या हाताला ती दूध देत नाही. ओपन सोर्स म्हणून मी जिची जाहिरात केली, ती गोठ्यात बांधलेली पक्की कंपनीची निघाली!

“मंग मावशींनाबी गाडीत बसवावं लागंल,” धाकटा पाहुणा म्हणाला. मला हसू फुटलं. आईकडे बघून गिळलं.

“अगं, जरा धार काढून दाव की पाव्हन्यांला,” अण्णा फेटा झटकत म्हणाले.

“म्हैस कुनाची?” आईने विचारलं.

“तुजी.”

“मंग दिली कुनी? ह्यानं मोबाईलवर वाटली, तुमी तोंडानं वाटली. मला कुनी इचारलं का?”

पाहुणे आपलं दावं नीट गुंडाळत बसले.

अण्णांनी फेटा खांद्यावर टाकला आणि पाहुण्यांसमोर हात जोडले. “पाव्हनं, दुसऱ्याच्या जनावराचा सौदा म्या बाजारात कुनाला करू दिला न्हाई. आन् आज घरात सोत्ताच करत हुतो. म्हैस माजी न्हाई. तवा शबुद द्यायचा मला हक्क न्हाई. हेलपाट्याबद्दल माफी करा.”

आयुष्यात पहिल्यांदा अण्णांचा शब्द फिरताना मी बघत होतो. मला त्यांचा विलक्षण अभिमान वाटला. आईचे डोळे भरून आले. तिने पदराने ते पुसले, बादली विसळली आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून खाली बसली. लगेच धारांचा आवाज सुरू झाला.

“बसा जरा, च्या घेऊन जावा,” ती वर न बघता पाहुण्यांना म्हणाली. “ह्या घरात तेवढाच फुकट हाय.”