आठ ठिकाणं, एक तिकीट

कचेरीत त्याला सगळे मिनिटराव म्हणत. शहरातल्या बस आणि मेट्रोची वेळापत्रकं तयार करण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती, आणि इतकी वर्षं केलेलं काम माणसाच्या अंगात भिनतंच. आंघोळ सहा मिनिटं, चहा साडेतीन, बायकोशी भांडण जास्तीत जास्त नऊ; त्यापुढे ती एकटीच भांडायची. रोज लाखभर माणसं त्याच्या आकड्यांवर विसंबून घराबाहेर पडत. बसला उशीर झाला की शिव्या ड्रायव्हरला बसत, आणि वेळेवर आली तर कौतुक कुणाचंच होत नसे. वेळापत्रकाखाली कधी कुणाचं नाव असतं का?

म्हणून तर त्या माहितीपत्रकात त्याचा जीव अडकला होता. शहरात उत्सवांचा आठवडा सुरू होणार होता आणि त्यासाठी त्याने एक पत्रक तयार केलं होतं. आठ ठिकाणं, त्यातले तीन उत्सव, एक दिवस, एक तिकीट, आणि वर ठळक अक्षरात ‘सहकुटुंब’. शेवटच्या पानावर, खाली कोपऱ्यात, संकल्पना म्हणून त्याचं नाव. अक्षर मुंगीएवढं होतं, पण होतं.

साहेबांनी फक्त एक अट घातली. “सहकुटुंब लिहिलंयत ना? मग उद्या घरचं एखादं माणूस घेऊन सगळं एकदा फिरून या. जमलं, तर छापखान्याला तुम्हीच फोन करा. साडेचारला मशीन लागणार आहे.”

बायकोने हात जोडले. “तुमच्याबरोबर फिरायचं म्हणजे शर्यतीत धावायचं. मला नको.”

“मी येते की,” आत्या म्हणाली. “मला एरवी कोण फिरवतंय?”

आत्याला चौऱ्याहत्तरावं लागलेलं. आई गेल्यावर मिनिटरावाला तिनेच वाढवलं, स्वतःचं लग्न वगैरे बाजूला ठेवून, आणि त्याबद्दल चकार शब्द न काढता. गुडघ्यांबद्दलही ती काही बोलत नसे. ते आपले आपणच कुरकुरत.

आठ वाजून दहा मिनिटांनी दोघं बसमध्ये चढली. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी उतरली. आत्याने मान वर करून पाहिलं, मग बाजूच्या दगडी कारंज्याकडे पाहिलं, मग कारंज्यात पाय बुडवून बसलेल्या कुणाच्या तरी नातवंडांकडे.

“आत्या, चल.”

“अरे, आत्ता तर आलो!”

“अकरा मिनिटं झाली.”

वस्तुसंग्रहालयात ती पहिल्याच दालनात एका जुन्या शिलाई यंत्रापुढे उभी राहिली. असंच यंत्र तिच्याकडे होतं, त्याच्यावर तिने त्याचे शाळेचे कपडे शिवले होते. ती सांगू लागली आणि मिनिटराव मनगटाकडे बघत हुं हुं करू लागला. दोघं मेट्रोच्या थांब्यावर पोचली तेव्हा गाडी सुटलेली. पुढची सात मिनिटांनी. थांब्यापासून दारापर्यंतचं अंतर त्याने स्वतःच्या ढांगांनी मोजलं होतं, हे त्याला आता कळत होतं आणि कळूनही त्याचा राग मात्र आत्याच्या पायांवर निघत होता. हा माणूस मुळात वाईट नव्हे, पण उशीर झाला की त्याला माणसं दिसेनाशी होत.

फुलांच्या उत्सवात त्याने तिला अक्षरशः हाताला धरून ओढलं. ती ओळींनी लावलेल्या पिवळ्या फुलांपाशी वाकली होती, तशीच अर्धी वाकलेली पुढे आली. ग्रंथमेळ्याच्या थांब्यावर उतरताना तिने दांडा घट्ट धरला, एक पाय खाली टाकला आणि दुसरा टाकवेना. मागची माणसं खोळंबली. शेवटी कंडक्टरने आणि मिनिटरावाने मिळून तिला उतरवलं आणि थांब्याजवळच्या बाकावर बसवलं.

बारा वाजून वीस मिनिटं. चोवीस मिनिटं उशीर.

“तू जा,” आत्या म्हणाली. “मी बसते इथं.”

“नक्की?”

“जा म्हणते ना. तुझं काम अडायला नको.”

“मग इथून हलू नकोस हं. मी असा जातो आणि असा येतो.”

आणि तो सुटला. एकटा सुटल्यावर काय विचारता! ग्रंथमेळ्याच्या एका दारातून शिरून दुसऱ्यातून बाहेर. जुना पूल, दीपगृह, तळ्याकाठची बाग. प्रत्येक ठिकाणी चालत्या पावली पत्रकावर बरोबरची खूण. बागेपाशी त्याने चोवीस मिनिटांची तूट भरून काढली. नदीकाठच्या संगीत उत्सवात कुणी बाई डोळे मिटून गात होती. तिचं गाणं रंगायच्या आत त्याने आठवी खूण केली. दोन मिनिटं हातात शिल्लक! चार वाजता त्याने तिथूनच छापखान्याला फोन लावला. “जमलं सगळं. छापा.” आवाज आनंदाने कापत होता. खरं सांगायचं तर पुलापासून नदीपर्यंत आत्याची त्याला एकदाही आठवण झाली नव्हती.

ती आठवण परतीच्या बसमध्ये झाली. आणि ती बस रेंगाळत चालली होती. प्रत्येक थांब्यावर त्याची घालमेल वाढत गेली.

आत्या त्याच बाकावर होती. पिशवी मांडीवर, चपला काढून ठेवलेल्या, घोटे सुजून टम्म झालेले. दुपारचं ऊन बाकावर आलं होतं तरी ती सरकली नव्हती, कारण हलू नकोस असं तो सांगून गेला होता. समोरच्या चहावालीने दोनदा पाणी विचारलं, तेही तिने घेतलं नाही. पाणी प्यायलं की उठावं लागलं असतं.

“झालं का सगळं?” तिने विचारलं. “आठही?”

“हो.”

“छान. मग आता मला उरलेली सांग. साहेबांनी विचारलं तर मी पाहिली म्हणेन. दीपगृहाचा रंग काय आहे?”

मिनिटराव तिच्या शेजारी बसला. “पांढरा. बहुतेक.”

“बहुतेक? बरं, वर जाता येतं का?”

“मी फाटकापाशी होतो. चार मिनिटं.”

“आणि नदीकाठी काय गाणं चाललं होतं?”

त्या बाईने काय गायलं ते त्याला ठाऊक नव्हतं. तळ्यात पाणी होतं की नाही हेही त्याला छातीठोक सांगता आलं नसतं. आत्या मात्र वाट बघत होती, शाळेतल्या मुलीसारखी, पाठ करायच्या तयारीने. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

चार पस्तीस. त्याने फोन लावला. पलीकडे मशीनची धडधड ऐकू आली.

“थांबवा.”

“अहो, पहिला गठ्ठा निघालासुद्धा!” छापखानेवाला ओरडला. “काय चुकलंय?”

“सगळंच चुकलंय. एका दिवसात होत नाही ते. साहेबांना मी सांगतो, तुम्ही मशीन बंद करा.”

“आणि नवीन कधी देणार?”

“माहीत नाही.”

सव्वीस वर्षांत हे दोन शब्द त्याने कामाच्या फोनवर उच्चारले नव्हते. धडधड थांबली. त्याने फोन खिशात ठेवला. आता तिला बरं वाटेल, असं त्याला उगीच वाटून गेलं.

आत्या त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“नाव येणार होतं ना रे तुझं त्याच्यावर?”

“येणार होतं.”

“मग मी चार तास इथं कशाला बसले?”

खाली वाकून तो तिच्या सुजलेल्या पायांत चपला सरकवू लागला. त्या जात नव्हत्या.