रिबीन सुटायच्या आधीचं भाषण

पुस्तकाची रिबीन सुटायच्या आत मी त्याचं कौतुक करून मोकळा झालो. रोह्याच्या हॉलमध्ये माझ्या भाचीवरच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. परदेशात देशाकडून धावून आलेली पोरगी, आम्ही सगळेच छाती काढून बसलेलो. आपल्याकडे मामाला दोन शब्द बोलायला लावतातच. पाहुण्यांना उशीर होता म्हणून मला आधीच उभं केलं. पुस्तकं अजून चकचकीत कागदात, तबकात. मी माईक धरून म्हणालो, "यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी मामा, मी साक्षीदार." टाळ्या पडल्या, म्हणून तेच पुन्हा म्हणालो.

पेणला परतताना गाडीत पुस्तक उघडलं. माझ्या बहिणीचं गाव निडी मागे पडेपर्यंत ती पुस्तकात उपाशी झोपायला लागली होती, आणि नागोठण्याच्या आत मेहुणे दारू पिऊन तिला मारत होते.

मेहुणे कंपनीत शिफ्टला जातात. सुपारीसुद्धा खात नाहीत. रात्रपाळी करून आले की तसेच सायकल घेऊन पोरीच्या मागे निघायचे. बहीण तांदळाची भाकरी, अंडी, सुकट असं काही ना काही वाढत राहायची, पोरगी "पुरे गो आये" म्हणेपर्यंत. पुस्तकात ती पेजेवर धावत होती, तीही अनवाणी. बूट मी पेणहून नेऊन दिले होते. पण माझ्या बुटांचं मी मनाला लावून घेतलं नाही. फार नाही.

शिसारी आली. खेळाडूंची पुस्तकं मी कपाटभर वाचलीत, त्यामुळे साचा ओळखीचा होता. आमच्या पेणला गणपती साच्यातून काढतात, पण डोळे तरी हाताने आखतात. इथे तेवढीही मेहनत नव्हती.

घरी पोचतो तो बहिणीचा फोन. "दादा, तू सगळ्यांसमोर साक्ष दिलीस. आता हे म्हणतात, मी कामावर जायचा नाय. बसमधल्या माणसांना तोंड कसं दाखवू? पोरगी रडतेय. तिला छापायच्या आधी वाचायलाच नाय दिलं."

मी लेखकाला फोन लावला. तो अगदी गोड बोलला. "मामा, संघर्षाशिवाय पुस्तक कोण हातात धरतं? तिला पदकही नाही. निदान बाप तरी वाईट हवा ना."

फोन ठेवून मी हात धुतले, साबणाने.

सकाळी निडी गाठलं. मेहुण्यांना जवळजवळ ओढतच कंपनीच्या बसपाशी नेलं आणि थांबलेल्या माणसांना सांगितलं, "काल मी न वाचताच बोललो. पुस्तकातली ती दारू खोटी आहे."

एकजण म्हणाला, "मामा, आमी रोज ह्यांच्यासंगती डबा खातो. तुमाला आज कळलं व्हय?"

माणसं हसली. मेहुणे हसले नाहीत, पण बसमध्ये चढले. माझ्याकडे मात्र वळून पाहिलं नाही.

घरी येऊन मी त्या लेखकाचा उद्धार सुरू केला. खोटारडा, दुसऱ्याच्या बापाला बाटली लावून पोट भरणारा, वगैरे. बायको माझं पुस्तकांचं कपाट पुसत होती. फडकं न थांबवता म्हणाली, "आणि ह्या बाकीच्या खेळाडूंचे बाप? त्यांच्या दारूवर तर तुम्ही रुमाल भिजवलेत. त्यांच्या मामांना विचारलं होतंत का?"