दाविदकाकांची साक्ष

रविवारच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना दाविदकाका आढावांकडे असायची. दुसरं कुणी ती दोन वाक्यांत उरकलं असतं. काका पंतप्रधानांपासून सुरुवात करत आणि मुख्यमंत्री, कलेक्टर, तहसीलदार, फौजदार असे उतरत उतरत थेट लाईनमनपर्यंत येत. लाईनमन आला की मागच्या बाकावरची पोरं खुसुखुसु हसत. काकांना त्याचं काही वाटत नसे. "खांबावर चढतो तो. त्याच्या जिवालाबी दुवा लागते, बराबर हाय का?" असं ते नंतर मला म्हणत.

जालन्यात ते आमच्या शेजारीच राहत. एसटीत ड्रायव्हर होते. सारी नोकरी घनसावंगीच्या रस्त्यावर गेली. "सरकारची गाडी" हे शब्द ते अशा आवाजात उच्चारत, जणू सरकारनं ती विश्वासानं त्यांच्याच हवाली केली होती. निवृत्त झाल्यावरही सव्वीस जानेवारीला खाकी ड्रेसला इस्त्री करून चर्चच्या आवारात झेंड्यापुढे उभे राहत. माझा भाऊ त्यांना चिडवायचा, की सरकार आपल्याकडे बघतसुद्धा नाही, मग ही निष्ठा कुणाला दाखवता? काका शांतपणे म्हणत, "दाखवून न्हाई राह्यलो मी. हाय ती हाय."

तीर्थपुरीजवळच्या एका गावात सुमन नावाची बाई होती. तिचं लेकरू आजारी असताना काकांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली होती. लेकरू वाचलं, आणि तेव्हापासून ती नवऱ्याला घेऊन प्रार्थनेला बसू लागली. महिन्यातून एकदा काका तिच्या घरी जात. गाणी म्हणायला मी सोबत असे. शेजारच्या एक-दोन बायका येत, चहा होई आणि आम्ही जीपनं परतत असू.

त्या दिवशी दुसरं गाणं चालू असताना पंधरा-वीस पोरं घरात शिरली. काहींनी मोबाईल धरले होते. किती पैसे देऊन बाटवता, असं विचारत त्यांनी काकांना अंगणात ओढलं. देशाचा जयजयकार करायला लावला. तो काकांनी इतक्या खणखणीत आवाजात केला, की क्षणभर त्या पोरांनाच पुढे काय करावं सुचेना. मग त्यांनी त्यांच्या देवाच्या नावाची घोषणा द्यायला सांगितलं. काका गप्प राहिले. पहिल्या थपडेत त्यांचा चष्मा उडाला, आणि नंतर कोण कुठून मारत होतं ते मला कळलंच नाही. सुमन मधे पडली तर तिला कुणीतरी ढकलून दिलं.

पोलीस आले ते आम्हालाच घेऊन गेले. आमिष दाखवलं, भावना दुखावल्या, अशी काकांवर फिर्याद झाली. मारणाऱ्यांवर काहीच नाही. ठाण्यात काका बाकावर ओठाचं रक्त पुसत बसले होते. फौजदार वाईट माणूस नव्हता. वरून फोन येतोय, असं तो हळूच म्हणाला. काकांनी मान डोलावली. त्याच्यासाठी ते दर रविवारी प्रार्थना करत होते, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि काकांनीही सांगितलं नाही.

नाताळाच्या आधी सत्ताधारी पक्षाचा एक पुढारी चर्चच्या पंचांना भेटला. निवडणूक जवळ आली होती. त्यांच्या मेळाव्यात काकांनी स्टेजवर येऊन एवढंच बोलायचं होतं, की या राजवटीत ख्रिस्ती माणसाला इथं कसलाही त्रास नाही. खटल्याचं मग ते बघून घेणार होते. पंचांना हे पटलं. चर्चच्या जागेवर कुणाकुणाचा डोळा होता, उद्या आपल्यावर काय येईल याची सगळ्यांनाच भीती होती. ती भीती खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. पंच काकांच्या घरी आले, तेव्हा चहा करायला मीही शांताकाकूंच्या मदतीला होते. काका सगळं ऐकून घेत होते. बोलले ते शेवटी.

"त्यांच्यासाठी प्रार्थना मी करतो, मरेपर्यंत करीन. पण त्यांच्यासाठी खोटी साक्ष न्हाई देणार."

पंचांनी खूप समजावलं. मग रागावले. पुढच्या रविवारपासून ती प्रार्थना दुसऱ्याकडे गेली. काका मागच्या बाकावर बसू लागले. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं हात जोडले, त्यांनीच आरोपी केलं, तेही काकांनी सोसलं. आपल्या माणसांनी बाजूला सारलं, ते मात्र त्यांना लागलं. त्यांचं जेवण तुटलं.

तिकडे सुमनच्या घराचं पाणी गावानं बंद केलं. महिन्याभरात तिचा आणि नवऱ्याचा सगळ्यांसमक्ष शुद्धीचा कार्यक्रम झाला, त्याचे फोटो मोबाईलवर फिरले. माझा भाऊ संतापून तिला बोलू लागला, तेव्हा काकांनी त्याला थांबवलं. "तिला तिथंच राह्यचंय, बाबा. आपण जीपनं निघून येत व्हतो."

तारखांमागून तारखा पडत गेल्या. काका प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी कोर्टात हजर असत. एका तारखेहून आले, पाणी प्यायले, खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मातीला सगळी मंडळी आली, पंचही आले. कबरस्तानाच्या फाटकाबाहेर सुमन एकटीच उभी होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. गावात काय सांगून आली होती कोण जाणे. आत घ्यावं की नाही, या विचारात एक पंच घुटमळले. शांताकाकूंनी तिला पाहिलं आणि स्वतःच फाटकापाशी गेल्या.

"मला माती देऊ देतील का, काकू?" सुमननं विचारलं.

काकू हात धरून तिला कबरीपर्यंत घेऊन आल्या, आणि आपल्या आधी तिला माती द्यायला लावली.

पुढे काही दिवसांनी वकिलांनी बोलावलं म्हणून काकूंबरोबर मी गेले. आरोपी मयत झाल्यामुळे खटला बंद झाला, असं त्यांनी सांगितलं. बातमी चांगलीच आहे, अशा सुरात सांगितलं. काकूंनी विचारलं, "म्हंजी ते निर्दोष सुटले का?"

वकील म्हणाले, माणूस गेल्यावर तो प्रश्नच उरत नाही.

काकूंनी पदर सावरला. "मंग ते आरोपीच राह्यले," म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या.