तिचा हव

मंगळवारी सकाळी माझ्या मेहुण्याचा, अविनाशचा फोन आला. माझी धाकटी बहीण मीनल गेली होती. अंत्यविधी झाला होता.

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि बहुतेक वेळा मनात हसत वाचते. रायपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून माझी सगळी नोकरी झाली. छापलेल्या गोष्टीलाही दुसरा दाखला शोधायची सवय मला आहे, मग कानावर पडलेल्या गोष्टीचं तर सोडाच. आत्मा, संकेत, पलीकडचं जग... काहीच मानत नाही. पुढे जे लिहिते आहे ते घडल्यावरही मानत नाही. पण ते घडलं, आणि ऐकणारी मी एकटी नव्हते, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर शंकर नगरात. वडील रेल्वेत होते, विदर्भातून बदलीवर आले आणि इथलेच झाले. आमची मराठी वऱ्हाडी, तिच्यात हिंदी भरपूर, आणि छत्तीसगढीतून आलेला एक शब्द — हव. हव म्हणजे हो. इथे सगळेच हव म्हणतात. मीनलचा, आमच्या मीनूचा हव मात्र वेगळा होता. आईनं स्वयंपाकघरातून हाक मारायची, मीनू, पाट मांड. आतल्या खोलीतून शांतपणे उत्तर यायचं, "हव." आणि मीनू यायची नाही. पुन्हा हाक, पुन्हा हव. ती खोटं बोलत नव्हती. ऐकलं, एवढाच तिच्या हवचा अर्थ होता. लग्नकार्याचं आमंत्रण असो, मैत्रिणीचं बोलावणं असो, सगळ्यांना हव. आई म्हणायची, या पोट्टीच्या हववर कुकर लावायचा नाही.

मीनूचं लग्न पुण्याच्या अविनाशशी झालं. तो इंजिनियर. ती मला दीदी म्हणे, तर त्याला हसू येई — दीदी काय, ताई म्हण. 'करून राहिली' म्हटलं की तो शाळामास्तरासारखं 'करते आहे' असं दुरुस्त करायचा. गमतीनंच, पण दर वेळी. काही वर्षांनी ते इंग्लंडला गेले आणि एका कालव्याकाठच्या जुन्या गावात घर घेतलं. पहिल्याच फोनवर मीनूनं आईला सांगितलं की आमचं घर लॉकच्या बाजूला आहे. झालं. आईनं सगळ्या कॉलनीत सांगितलं, माझी मीनू कुलपाच्या बाजूले राहते. मग मीनूनं समजावलं की लॉक म्हणजे कालव्यातली पायरी. दोन दरवाजांच्या मधे बोट थांबवून पाणी चढवतात, उतरवतात, आणि ते पाणी सोडायला एक लोखंडी हँडल लागतं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मंग चाबीच झाली ना ते.

मीनूला काय झालं होतं ते इथे लिहीत नाही. बरेच महिने चाललं, आणि आम्हाला पत्ता नव्हता. त्या सगळ्या महिन्यांत आम्ही दर रविवारी फोनवर बोलत होतो. व्हिडिओ नको म्हणायची, नेटवर्क नाही म्हणे. यंदा दिवाळीला येशील ना, मी विचारलं. "हव, दीदी." आईनंसुद्धा त्या वेळी आपलाच नियम मोडला, चकलीची भाजणी दळून आणली.

आणि मग मंगळवारचा तो फोन. का कळवलं नाही, हे विचारल्यावर अविनाश म्हणाला की मीनलचीच तशी इच्छा होती. घरी सांगायचं नाही. माझा विश्वास बसला नाही. ती मला न सांगता जाईल? लहानपणी ताप चढला तर थर्मामीटर आधी मला दाखवणारी मुलगी? मला वाटलं, याला आम्ही तिथे नको होतो. आमची भाषा, आईचं रडणं, माझे प्रश्न, काहीच नको होतं. म्हणून यानं आपली सोय पाहिली आणि वर तिचं नाव पुढे केलं.

आईनं मला बोलावलं आणि एवढंच म्हणाली, "तू जाऊन इचारून ये. त्यानं लपवलं का तिनं लपवायले सांगितलं. बाकी मले काही नाही पाहिजे."

व्हिसाला वेळ लागला. राग टिकला.

गावाचं नाव लिहीत नाही, अविनाश अजून तिथेच राहतो. गाव सुंदर आहे, आणि त्याचाच मला राग आला. विटांची बुटकी घरं, दगडी कमानीचा पूल, कालव्याच्या दोन्ही काठांना नीट कापलेलं गवत. पुलाच्या कडेवर खोल खाचा आहेत. पूर्वी घोडे काठावरून चालत बोटी ओढायचे, त्यांच्या दोरांनी दगड कापला गेला. त्यावर माहितीचा फलक लावलेला. जिथे कोळसा उतरायचा त्या गोदामात आता चहा आणि केक मिळतो. लोक आइस्क्रीम खात बोटी बघत उभे असतात. दोर घासून दगडाला जे झालं ते जपून ठेवलेलं, त्याला फलक, आणि माझी बहीण इथेच त्या घरात पडून होती त्याची शंकर नगरात कोणाला खबर नाही. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर रोज बघणारी माझ्यासारखी बाई एरवी असल्या गावात खूश झाली असती. मी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

लॉकजवळ अविनाशनं मला एक बाक दाखवला. नवा, लाकडी. त्यावर पितळी पट्टी आणि पट्टीवर इंग्रजीत मीनलचं नाव, खाली ओळ — हिचं या पाण्यावर प्रेम होतं.

मी त्याला म्हटलं, मीनू पाण्याला घाबरायची. महादेव घाटावर खारून नदीत पाय बुडवायला तिला दोघांनी धरावं लागायचं. तो म्हणाला की इथे आल्यावर ती रोज या बाकाच्या जागी येऊन उभी राहायची. मी विचारलं, ती बोलली होती का तसं, प्रेम आहे म्हणून? त्यानं हातानं बाक पुसला. मग म्हणाला, "ताई, बसा तरी." मी बसले नाही.

उभ्यानंच विचारलं जे विचारायला आले होते. त्यानं खाली बघत सांगितलं, "ती म्हणाली, ताई आली की मला तिच्यासमोर आजारी असावं लागेल, आणि ते मला झेपणार नाही."

"हे तिचं वाक्य नाही," मी म्हटलं.

"तिचंच आहे."

"ती मला ताई म्हणत नव्हती. आणि 'झेपणार नाही' हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. हे तुमचं मराठी आहे, अविनाशराव. तिचे शब्द सांगा. जसे होते तसे."

तो बराच वेळ आठवत राहिला. त्याचा चेहरा बघून मला कळलं की तो खोटं बोलत नसावा, पण त्यानं मला आणखीच चीड आली. शेवटी म्हणाला, "शब्द नाही आठवत, ताई. अर्थ आठवतो."

एवढी वर्षं तिची भाषा दुरुस्त करणारा माणूस. तिचं शेवटचं म्हणणंसुद्धा यानं दुरुस्त करूनच ठेवलं होतं. आता मूळ प्रत कुठेच नव्हती.

तेवढ्यात वरच्या बाजूनं एक लांबट, अरुंद बोट लॉकमध्ये आली. म्हातारं जोडपं होतं. अविनाश त्यांना ओळखत होता, तो मदतीला गेला. पाणी उतरू लागलं आणि बोट भिंतींच्या मधे विहिरीत सोडल्यासारखी खाली खाली गेली. मग खालचे दरवाजे उघडले, बोट बाहेर पडली. त्या बाईनं वर बघून हात केला, आणि दरवाजे लावायचं काम आमच्यावर सोडून दोघं निघून गेली. दरवाजाच्या दोन फळ्या असतात, प्रत्येकीला एक लांब जाड दांडा, त्याला पाठ लावून रेटायचं. एका काठावर अविनाश, दुसऱ्यावर मी. अंगातला सगळा राग मी त्या दांड्यावर काढला. दरवाजा लागला. बोट तोवर पुलापलीकडे गेली होती, तिचं इंजिनही ऐकू येत नव्हतं.

दुपार होती. ऊन होतं. जवळपास आमच्याशिवाय कोणी नव्हतं — आइस्क्रीमवाले लोक पुलाच्या त्या बाजूला होते. मी कठड्याशी जाऊन खाली बघितलं. ओल्या विटांच्या भिंती, फटींतून उगवलेलं नेचं, एक गंजलेली शिडी, आणि तळाशी काळं, थांबलेलं पाणी. का ते सांगता येणार नाही, पण मी त्या पाण्याला विचारलं. हळू नाही, स्पष्ट विचारलं, आमच्या घरच्या बोलीत, जी मी कॉलेजात कधी बोलले नाही.

"मीनू, तूच म्हटलं होतं काय, मले सांगू नका म्हून?"

"हव."

खालून आला. पाण्याच्या पातळीवरून. आवाज मोठा नव्हता, दुःखी नव्हता, घुमलाही नाही. आतल्या खोलीतून यायचा तसा, थोडा नाकातला, कामात असल्यासारखा.

मी हलले नाही. समोरच्या काठावर अविनाश ताठ उभा राहिला होता. त्यानं विचारलं, "ताई, तुम्ही बोललात?"

मी म्हटलं, "तुम्ही काय ऐकलं?"

त्याला तो शब्द धड उच्चारता आला नाही, 'हौ'सारखं काहीतरी म्हणाला. मग तो दांड्यावरच बसला आणि त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. लग्नापासून या शब्दाचा 'हो' करायला तो झटत होता. त्याचा भास असता तर त्याला 'हो' ऐकू आला असता.

मी पुन्हा विचारलं. दुसऱ्या शब्दांत विचारलं, हिंदीत विचारलं, काहून केलं असं म्हणून रागावूनही विचारलं. दरवाजाच्या फटीतून पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

नंतर आम्ही दोघांनी सुशिक्षित माणसांसारखा शोध घेतला. प्रतिध्वनी? मी हव म्हटलंच नव्हतं. लाकडाची करकर? अविनाशनं तोच दरवाजा पुन्हा उघडून लावून बघितला. करकर होते, पण ती करकरच असते. बोटीवरची माणसं हँडल अर्धं फिरवायला 'हाफ' म्हणून ओरडतात, तसं कोणी ओरडलं असेल? कालवा दोन्ही बाजूंना रिकामा होता. शेवटी तो म्हणाला, "आता तरी पटलं ना, ताई?" आवाजात टोमणा नव्हता. मी त्याला माफ करा म्हटलं. हव म्हणजे हो. मला तेव्हा एवढंच सुचलं. त्या संध्याकाळी मी त्या बाकावरही बसले.

निघताना त्यानं मीनूकडचं लॉकचं लोखंडी हँडल दिलं, आईसाठी.

रायपूरला आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती घाबरेल, रडेल, देवापुढे दिवा लावेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "आवाज कसा होता?"

आतल्या खोलीतून यायचा तसा, मी म्हटलं.

आई हँडल मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्यावरून बोट फिरवत म्हणाली, "मंग तिनं काहीच नाही सांगितलं. तुह्यं ऐकलं, एवढंच. तिच्या हववर कधी कुकर लावला का आपण?"

मला एवढी पुस्तकं वाचून हे सुचलं नव्हतं. अविनाशची मागितलेली माफी परत घेता येत नाही, आणि ती खरी होती की चुकीची हे ठरवताही येत नाही. त्यानं लपवलं असेल. तिनं लपवायला लावलं असेल. मी एवढ्या लांब जाऊन, समोर उभं राहून, तिच्या भाषेत विचारलं, आणि तिनं मला तेच दिलं जे ती पाट मांडायला बोलावणाऱ्या आईला देत होती. याचा मला जेवढा राग येतो तेवढा त्या फोनचाही आला नव्हता.

तो आवाज कुठून आला याचं उत्तर माझ्याकडे नाही. अविनाशकडेही नाही. आमचं आता फारसं बोलणं होत नाही.

हँडल आईच्या पलंगाखाली आहे. ती त्याला चाबीच म्हणते. बाहेर दिवसभर लोक हव म्हणतात — भाजीवाली म्हणते, ऑटोवाला म्हणतो, शेजारची मुलं म्हणतात. मी दर वेळी वळून बघते.