लॉरेटा पचेकोने मोडलेला खेळ

लॉरेटा पचेकोने मोठा खेळ मोडला, असे आमच्या गार्डीना गावातल्या पत्त्यांच्या क्लबात आता सर्रास सांगितले जाते. सांगणाऱ्यांत त्या शनिवारी टेबलाच्या आसपासही नसलेले पुष्कळ आहेत. मी होतो; पत्ते वाटणारा डीलर मीच, त्यामुळे पत्ते माझ्याच हातात होते. तेव्हा जे घडले ते क्रमाने लिहून ठेवणे मला भाग आहे. ते शांतपणे लिहिता येईल, असे मात्र वाटत नाही.

लॉरेटा एका सरकारी शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख. आठवड्याचे पाच दिवस पहाटे साडेचारला उठायचे, केसांवर जाळी चढवायची, सहाशे मुलांचा नाश्ता आणि नंतर तितक्याच मुलांचे जेवण काढायचे. वय एकसष्ट. शनिवारी अकरा ते पाच ती आमच्याकडे पोकर खेळे. त्याच्या आधी नाही, नंतर नाही, दुसऱ्या कुठल्या वारी नाही. दोनच्या ठोक्याला ती वॉन्टनचे चिनी सूप मागवी आणि ते चाकाच्या तिवईवर खुर्चीशेजारी ठेवून दोन डावांच्या मध्ये संपवी. तिची आईही याच गावात, पाच पत्त्यांचा जुना प्रकार चाले त्या काळी, दुपार-दुपार खेळत बसे. टेबलाशी बाई बसलेली असणे ही लॉरेटाच्या दृष्टीने नवलाची गोष्ट नव्हती. पुरुषांना ती दर शनिवारी नव्याने नवलाची वाटे.

चौदा वर्षे ती सर्वांत लहान टेबलावर, एक-तीन डॉलरच्या टेबलावर, खेळली. तिची एक सवय इथेच सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. डाव चालू असताना लॉरेटा तोंडातून शब्द काढत नसे. चेहरा बंद ठेवता येतो, आवाज ठेवता येत नाही, असे तिचे म्हणणे. समोरच्याने लावले तितकेच लावून राहायचे, म्हणजे कॉल, किंवा त्याहून वाढवायचे, म्हणजे रेझ: दोन्ही ती हातानेच सांगे. लहान टेबलावर ते सोपे असते. तिथल्या लाल चिपा, म्हणजे पैशांच्या जागी लावायच्या चकत्या, पाच-पाच डॉलरच्या. वाढवायचे म्हटले की मूठभर पुढे सरकवाव्या लागतात, आणि मूठ पाहिल्यावर कुणाला शंका राहत नाही.

अशा खेळाडूने वरच्या टेबलावर जाण्याची एक शिस्त असते. लॉरेटाने ती आमच्या क्लबातल्या कुणाहीपेक्षा काटेकोर पाळली. जिंकलेले पैसे क्लबातच भाड्याच्या पेटीत राहायचे. पगारातला एक डॉलर त्या पेटीत जायचा नाही, पेटीतला एक घरी यायचा नाही. पाच-दहाच्या मोठ्या टेबलावर तीनदा बसता येईल इतके साठेपर्यंत चौदा वर्षे गेली. तीन संधी. त्या गेल्या की आयुष्यभर पुन्हा एक-तीन. या वयात दुसरी चौदा वर्षे कुठून आणायची, असे ती अगदी हिशेबी स्वरात म्हणाली होती.

पण मोठ्या टेबलापर्यंत पोहोचणे हीच वेगळी गोष्ट निघाली. आमच्याकडे पांढऱ्या बोर्डावर नावे लिहितात आणि शेजारी, काचेच्या चौकटीत, क्लबाचा छापील नियम टांगलेला आहे: नाव लिहिल्याच्या क्रमाने जागा मिळेल, खेळाडूने स्वतः सांगितल्याखेरीज नाव खोडले जाणार नाही. लॉरेटाचे नाव पाच-दहाच्या रकान्यात सतरा शनिवार पहिले होते. सतरा शनिवार खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि भरल्या. त्यांतली एकही तिच्या वाट्याला आली नाही. टेबलांची व्यवस्था पाहणाऱ्या डॅरिलशी तिचे जे बोलणे होई, ते मी शेजारच्या टेबलावरून इतक्यांदा ऐकले की मला ते पाठ झाले.

"डॅरिल, तीन नंबर रिकामा झाला."

"लागलाय तो, लॉरेटा. एकानं फोनवर सांगून ठेवलंय."

"बोर्डावर पहिलं नाव माझं आहे."

"आहे की! कोण नाही म्हणतंय?"

"मग त्या फोनवाल्याचं कुठंय?"

"त्याचं माझ्या डोक्यात आहे."

अठराव्या शनिवारी तिने भिंतीवरची चौकट काढली, डॅरिलच्या मेजावर त्याच्या कॉफीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "हे मावतंय का बघ डोक्यात. का फोनवाल्यांनीच भरलंय सगळं?" रांगेतली माणसे हसली. हसणारी माणसे मागे असल्यामुळेच डॅरिलने तिला तीन नंबरची खुर्ची दिली. नियमामुळे दिली, असे कुणी समजू नये.

तिला टाळण्याच्या या सगळ्या आटापिट्याचे कारण क्रेग हॅलोरन. हा डोंगराकडच्या श्रीमंत वस्तीत पोहण्याचे तलाव बांधून देणारा कंत्राटदार. दर शनिवारी यायचा, भरपूर हरायचा, आणि हरताना कुणी गंभीर दिसले की त्याला कंटाळा यायचा. तेव्हा कुणी गंभीर दिसत नसे. नऊ खुर्च्यांपैकी एक त्याची; उरलेल्या आठांवर त्याच्या विनोदांना हसणारे लोक. त्यांची खोली-भाडी त्या हसण्यातून निघत. फोनवरून खुर्ची मिळायची ती या हसणाऱ्यांनाच. वरचे टेबल म्हणजे वरच्या दर्जाचा खेळ, अशी जी समजूत लॉरेटाने चौदा वर्षे जपली, तिच्यावर हसण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तरी ते हसले. मलाही तो डाव जिंकला की बक्षिशी म्हणून पंचवीसची चिप फेकायचा. मीही हसत असे.

मोठ्या टेबलाचा डीलर आमच्याकडे तासाने बदलतो. त्या दिवशी मी दोनला बसलो. लॉरेटा बारापासून तिथे होती आणि तिच्यासमोरची रास थोडी वाढलेलीही होती. दोन वाजून पाच मिनिटांनी हॅलोरनने, त्या हसणाऱ्यांपैकीच एक असलेल्या समोरच्या विन्हने दीडशे लावले असता, पाचशेची एक जांभळी चिप न बोलता मध्ये टाकली.

इथे नियम असा आहे, आणि तो क्लबात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो: तोंडाने काही न सांगता एकच चिप टाकली, तर ती कितीही मोठी असो, तो कॉल. बाकीचे सुटे परत. मी नियमाप्रमाणे म्हणालो, "कॉल."

"कॉल? पाचशेची चिप काय मी सुट्यांसाठी टाकली? बँक वाटली का तुला ही?" हॅलोरन म्हणाला. टेबल हसले. डॅरिल आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "क्रेगला काय करायचं होतं ते आंधळ्यालाही दिसलं. रेझ." विन्हने निमूट पत्ते टाकून डाव सोडला. लॉरेटा त्या डावात नव्हती. तिने हे सारे पाहिले आणि चमचा सुपात परत ठेवला.

पंधरा मिनिटांनी तिचा डाव आला. मध्ये चार पत्ते उघडे होते. तिच्या हातातले दोन धरून सत्तीपासून गुलामापर्यंत ओळ पुरी झाली होती. हॅलोरनने दीडशे लावले. लॉरेटाने एक जांभळी चिप उचलली आणि मध्ये टाकली. न बोलता.

नियम तिला माझ्याइतकाच ठाऊक होता. पण चौदा वर्षांत तिच्या बोटांत वाढवायला एकटीच पुरेल अशी चिप कधी आलीच नव्हती. नियम डोक्याला माहीत होता, हाताला नव्हता. लहान टेबलावरून आलेल्या माणसाकडूनच होऊ शकते अशी ही चूक; ज्यांच्या हातात कायम जांभळ्या चिपा असतात त्यांच्याकडून ती झालीच, तर तिला चूक म्हणत नाहीत.

"कॉल," मी म्हणालो.

"रेझ आहे," लॉरेटा म्हणाली. डावात ती पहिल्यांदाच बोलत होती, आणि आवाज खरोखरच कापला. "डॅरिलला बोलाव."

डॅरिल या वेळी लांबच उभा राहिला. "एक चिप, तोंडानं काही नाही. कॉल. नवीन आहेस का तू?"

"पंधरा मिनिटांपूर्वी यानं हेच केलं. तेव्हा रेझ होती."

"तो बोलला होता."

"नव्हता बोलला."

"बोलला होता." डॅरिलने माझ्याकडे पाहिले. "काय रे? बोलला होता ना?"

आठ माणसे आपापल्या राशींकडे पाहत होती. मी म्हणालो, "मला नीट ऐकू आलं नाही."

मी हे कुणाची चूक झाकण्यासाठी म्हणालो नाही. नोकरीसाठी आणि पंचवीसच्या चिपांसाठी म्हणालो. दुसरे कोणतेही कारण मी आजवर शोधून काढू शकलेलो नाही. तिला साडेतीनशे सुटे परत दिले आणि पाचवा पत्ता उघडला: बदामाची राणी. हॅलोरनच्या हातात दोन बदाम होते, मध्ये आता तीन झाले; एका रंगाचे पाच पत्ते ओळीला वरचढ ठरतात. त्याने आठशे लावले. लॉरेटाने आपली ओळ सर्वांना दिसेल अशी उघडी टाकून दिली.

"तू रेझ केली असतीस तरी मी थांबलोच असतो, हनी," हॅलोरन आपले बदाम दाखवत म्हणाला. "तुझे पैसे उलट वाचले. आभार मान या पोराचे."

हे खरे होते, आणि म्हणूनच ते इतके संतापजनक होते. तिचे नुकसान झाले नाही, असे जो तो सांगू लागला. जणू तिने नुकसानभरपाई मागितली होती. तिने मागितले होते ते एवढेच, की तिच्या चिपेला आणि त्याच्या चिपेला एकच नियम असावा.

त्यानंतर लॉरेटाने चौदा वर्षांची सवय मोडली. अडीचला मी बसण्याचे अर्ध्या तासाचे शुल्क सर्वांकडून गोळा केले. पुढच्याच डावात हॅलोरनने सवयीने एक चिप टाकली.

"एक चिप. बोलला नाही. कॉल," लॉरेटा म्हणाली.

मी सुटे परत दिले. दुसरे काय करणार होतो? दोन डावांनी पुन्हा तेच. "एक चिप. बोलला नाही. कॉल." तिचा आवाज आता कापत नव्हता.

हॅलोरनने शाळकरी मुलासारखे बोट वर केले. "मिस, मी बाथरूमला जाऊन येऊ?"

टेबल मनापासून हसले. लॉरेटा थांबली आणि म्हणाली, "जा. पण हात धुऊन ये. आमच्याकडे पहिलीच्या पोरांनाही सांगावं लागत नाही."

कुणी हसले नाही. विन्ह तिच्याकडे झुकला. "लॉरेटा, बास कर. तू त्याला उठवशील. तो उठला की आम्हीही उठलो."

"का? तुम्हाला खेळता येत नाही त्याच्याशिवाय?"

"येतं. पण कशाला खेळू? तुझ्याशी खेळून मला काय मिळणार, तू माझ्याशी खेळून काय कमावणार?"

"मग इथं चाललंय काय?" तिने विचारले.

विन्ह वाईट माणूस नाही. तो आपल्या चिपा पुन्हा रचू लागला.

तिसऱ्या वेळी ती "एक चिप" इतकेच म्हणाली आणि हॅलोरन उठला. "शनिवारी मी शाळेत जात नाही," तो म्हणाला आणि चिपा तशाच ठेवून गेला. त्या गोळा करायला डॅरिल धावला. दोन अडतीस झाले होते. चार मिनिटांत उरलेले सात जण उठले. एकाला फोन आला, एकाची पाठ धरली, एकाला मुलीचा वाढदिवस आठवला. जाता जाता डॅरिल म्हणाला, "खूश? चांगला खेळ मोडलास."

"तू उठ आता, लॉरेटा," मी म्हणालो. "एकटीला पत्ते वाटता येत नाहीत."

"ठाऊक आहे. तीनपर्यंत बसायचे पैसे भरलेत मी." तिने सूप जवळ ओढले. ते केव्हाच गार झाले होते. ते तिने सगळे संपवले. मग विचारले, "तो बोलला होता का रे?"

"नाही."

"आता ऐकू येतंय वाटतं."

मी टेबलावरचे पत्ते गोळा करू लागलो.

"जा, डॅरिलला सांग."

"टेबलावर चिपा असताना डीलरला उठता येत नाही," मी म्हणालो. तेही नियमातच आहे.

तिने माझ्याकडे कसे पाहिले, ते मी इथे लिहिणार नाही. तीनला तिने चिपा ट्रेमध्ये रचल्या. बारा वाजता आणलेल्यापेक्षा त्या थोड्याशाच कमी होत्या. तिच्या तीन संधींपैकी एकही खेळात गेली नाही.

आता पाच-दहाचा खेळ मागच्या खोलीत चालतो. दाराशी एक माणूस असतो आणि त्याच्याजवळ यादी असते. ती कुणाला दाखवत नाहीत. लॉरेटा दर शनिवारी अकरा ते पाच एक-तीनवर, बोर्ड समोर दिसेल अशा खुर्चीत बसते. बोर्डावर पाच-दहाचा रकाना अजून आहे आणि त्यात एकच नाव आहे. एकदा डॅरिल ते पुसायला फडके घेऊन गेला, तेव्हा तिने डाव चालू असतानाच, मोठ्याने, भिंतीवरचा नियम वाचायला सुरुवात केली. तो परत फिरला. नाव खोडायचे तर खेळाडूने स्वतः सांगावे लागते. तिने सांगितलेले नाही.