शेपूट आधी

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्टला सापासारखा वळणारा यांत्रिक हात करायला घेतला, तेव्हा गोखिवऱ्याच्या आमच्या इमारतीत एकच कॉम्प्युटर होता आणि तो माझा होता. त्यामुळे डोक्यात जरा जास्तच हवा होती. बारा सांधे, त्यांतून ओवलेल्या सायकलच्या ब्रेकच्या तारा, मागे छोट्या मोटरी, टोकाला कॅमेरा. जिथे माणूस शिरू शकत नाही अशा टाकीत हा हात वळणं घेत शिरणार आणि आतलं वेल्डिंग दाखवणार. वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये अशाच टाक्या बनत, म्हणून तिथल्या शेठनी सामान आणि जागा दिली.

सांधे घडवले तिथल्या फिटरकाकांनी. ते मिठागराकडच्या गावातले, खाडीत खेकडे धरत वाढलेले. शेठ नाजूक काम फक्त त्यांच्याच हाती देत आणि काकांना त्याचा अभिमान होता. हात टेबलावर वळवळताना बघून त्यांनी एकच विचारलं, "आत जाईल. भायेर कसा आननार?"

"सगळे सांधे एकदम सरळ करायचे आणि ओढायचा."

"चिंबोरीच्या बिळात हात घातलायस कदी? खांद्यापर्यंत? जसा वळत गेला तसाच वळत काढायचा. मधीच सरळ केलास तर कोपर अडकला. शेपूट आधी, डोकं मागाहून."

"काका, हे प्रोग्रॅमिंग आहे," मी म्हणालो. शेजारचे दोघे कामगार हसले, मीही हसलो. खरं तर आलेली वाट उलटी फिरवायची तर अर्धा प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागला असता, आणि मला कंटाळा आला होता. टेबलावर हात छान सरळ होत होता. टेबलाला भिंती नसतात, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

दाखवायच्या दिवशी शेठ, त्यांचं गिऱ्हाईक आणि आमचे सर जमले. टाकीच्या आत आडवे पत्रे होते. हात त्यांना वळसा घालून पोचला, टीव्हीवर वेल्डिंग स्वच्छ दिसलं, गिऱ्हाइकाने मान डोलावली. मग मी सरळ करायचं बटण दाबलं. आत करकर आवाज झाला, मधले सांधे पत्र्यावर रेटले गेले आणि एक तार तुटली. गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या टाकीत माझा साप अडकून बसला.

"काय झालं?" शेठनी विचारलं.

"सांध्यांत फट जास्त राहिलीय," मी म्हणालो. त्यासाठी क्षणभर विचारही करावा लागला नाही, खोटं सहज तोंडातून निघालं. मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. प्रत्येक सांध्यात कागदाची पट्टी सरकवून त्यांनी फट तपासली होती, तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

"हा, माझ्याच हातून राहिली असंल," ते म्हणाले. मला तारा सैल करायला सांगून त्यांनी बाही वर केली, टाकीच्या तोंडातून खांद्यापर्यंत हात घातला आणि शेपटाकडून एकेक सांधा आला तसा वळवत सगळा साप बाहेर काढला.

पुढच्या आठवड्यात मी प्रोग्रॅम नव्याने लिहिला, काकांनी सांगितला होता तसाच. हात सुरळीत आत-बाहेर करू लागला, मला पहिला वर्ग मिळाला. काकांना त्याच आठवड्यात ग्राइंडरवर बसवलं होतं. नाजूक काम दुसऱ्याकडे गेलं.

निकालाचे पेढे घेऊन मी वर्कशॉपला गेलो. काका तोंडाला फडकं बांधून पाइप घासत होते. "हात काळे हायेत, तूच घाल तोंडात," ते म्हणाले. मी पेढा भरवला.

"आता शेपूट आधी येते ना?"

"हो."

"मग झालं तर." त्यांनी फडकं पुन्हा वर ओढलं.

शेठ दहा पावलांवर, काचेच्या केबिनमध्ये होते. आज सांगायचंच, असं ठरवून मी आत गेलो आणि पेढ्यांचा बॉक्स पुढे धरला.

"आमच्या फिटरने घोळ घातला होता, पण तू सावरलंस हो," ते म्हणाले.

मी थँक्यू म्हणालो.